तीन छंद आणि एक व्यासंग

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपल्याकडे छंदिष्ट माणसाच्या वांट्यास हटकून येते. जो मुलगा आगगाड्यांच्या वेळा तोंडपाठ करतो, जो ढगांकडे पाहत अंगणांत उभा राहतो, किंवा जो जुना रेडिओ उघडून त्यांतील तारा न्याहाळीत बसतो, त्यास घरांतील वडीलधारीं माणसें एकच प्रश्न विचारितात, 'यानें पोट भरणार आहे काय?' प्रश्न खोटा नाहीं. पोट सर्वांसच आहे. परंतु या प्रश्नामागें एक समजूत दडलेली असते. छंद आणि काम हीं दोन निराळीं खातीं असून एकांत जमा झालें म्हणजे दुसऱ्यांत तूट आलीच, अशी ती समजूत होय. ती आम्हांस मान्य नाहीं. तिची परीक्षा करावी याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. आणि परीक्षेसाठीं आम्ही हवामानशास्त्रज्ञाचें उदाहरण घेणार आहों.

हवेचा नाद असलेल्या माणसास गाड्यांचा आणि रेडिओचाही नाद असावा, हें वरकरणी विचित्र दिसतें. ढग निसर्गाचे, गाड्या लोखंडाच्या, आणि रेडिओच्या लहरी तर डोळ्यांस दिसतही नाहींत. मग या तिघांचें गोत्र एक कसें? थोडा विचार केला असतां उत्तर सांपडतें. तिघांचीही भिस्त घड्याळावर आहे. भारतांतील पर्जन्यमापकांचें पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजलें जातें, मग तें केंद्र काश्मिरांत असो कीं कन्याकुमारीस. जगांतील शेंकडों वेधशाळा आपले फुगे ठरलेल्या घटकेस, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणें पहाटे व सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास, आकाशांत सोडतात. एका गांवचा पाऊस कितीही काळजीनें मोजला तरी ती त्या गांवापुरती गोष्ट राहते. तोच एका वेळीं हजार गांवीं मोजला म्हणजे त्यांतून वादळाची वाट दिसूं लागते. आगगाडीचेंही असेंच आहे. एका स्टेशनावर उभी असलेली गाडी हें नुसतें वाहन होय. शंभर स्टेशनांच्या घड्याळांशीं तिची वेळ बांधली म्हणजे तें दळणवळण झालें. गांवोगांवच्या निरनिराळ्या वेळांची अडचण आगगाडी व तारायंत्र यांनींच प्रथम लोकांच्या लक्षांत आणून दिली, आणि १ जानेवारी १९०६ पासून या देशांत एक प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबई शहरानें मात्र ३९ मिनिटें मागें असलेली आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाहीं. रेडिओला तर अर्ध्या मिनिटाचाही उशीर खपत नाहीं. ठरल्या वेळीं ठरलेलें घडलें कीं नाहीं हें पाहणें, आणि न घडल्यास त्याचें कारण शोधणें, हाच या तिन्ही छंदांचा समान स्वभाव आहे. शास्त्राचाही स्वभाव याहून फारसा वेगळा नाहीं.

हें तत्त्व नुसतें तर्कानें सिद्ध करण्यापेक्षां आपल्या मुंबईच्या इतिहासांतूनच दाखविलेलें बरें.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापन केली. आकाशस्थ ज्योतींचे वेध घ्यावे व जहाजांस अचूक वेळ मिळावी हा तिचा मूळ हेतु होता; १८४१ पासून तेथें हवेचे आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे वेध नियमानें घेतले जाऊं लागले. मराठी वाचकांनीं या स्थानाविषयीं विशेष अभिमान बाळगावा अशी दोन कारणें आहेत. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनीं या वेधशाळेचा कारभार पाहिला होता. आणि पुढें लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरु म्हणून ज्यांची कीर्ति झाली, ते केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणीं येथेंच प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखालीं वेध घेण्याचें काम शिकले. दिवसा व रात्रीं ठराविक अंतरानें सुईकडे पाहावें आणि आंकडा वहींत उतरावा, असें तें काम होतें. त्यांत ना गौरव ना करमणूक. ज्यास त्याची मनापासून आवड नसेल, त्याच्या हातून तें चार दिवसही नीट होणार नाहीं.

आतां या कंटाळवाण्या वह्यांचें फळ पाहा. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदास दुर्बिणीच्या साह्यानें सूर्यबिंबावर एकाएकीं एक प्रखर झळाळी दिसली. त्यानंतर एका दिवसाच्या आंतच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उसळलें. युरोपांतील व अमेरिकेंतील तारायंत्रांचें काम विस्कळीत झालें. त्या वेळीं कुलाब्याचे निरीक्षक नेहमींप्रमाणें सुईची नोंद करीत होते. चुंबकशक्तीचा क्षितिजाशीं समांतर घटक थोड्याच अवधींत सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं घसरल्याचें त्या नोंदींवरून दिसतें. वही लिहिणाऱ्यांस त्या आंकड्यांचा पुरता अर्थ उमगणें शक्य नव्हतें. परंतु त्यांनीं जें दिसलें तें लिहिलें, आणि वही नीट ठेविली. १४४ वर्षांनंतर, २००३ सालीं, शास्त्रज्ञांनीं त्या जुन्या नोंदी पुन्हां तपासल्या आणि १८५९ चें वादळ किती प्रबळ होतें याचा अंदाज त्यांवरून बांधला. आज उपग्रह, विजेचीं जाळीं व बिनतारी दळणवळण यांस असल्या वादळाचा मोठा धोका आहे. त्या धोक्याचें माप ठरवितांना कुलाब्याच्या अनाम निरीक्षकांची साक्ष काढावी लागते. निरर्थक वाटणाऱ्या निरीक्षणाची किंमत ठरविण्याची घाई करूं नये, हा यांतला पहिला धडा आहे.

दुसरा धडा ट्रामगाडीनें दिला. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ती विजेवर चालवावी असा विचार निघाला. शहराच्या दृष्टीनें ही आनंदाची वार्ता होती. परंतु वेधशाळेंत मात्र चिंता पसरली. विजेच्या ट्रामला वरच्या तारेंतून वीज मिळते व ती रुळांवाटे परत जाते. रूळ जमिनीस टेकलेले असल्यामुळें त्या प्रवाहाचा कांहीं अंश मातींत झिरपतो, आणि प्रत्येक गाडी सुटतांना किंवा थांबतांना तो कमीअधिक होतो. जेथें विजेचा प्रवाह तेथें चुंबकीय परिणाम आलाच. पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे अतिसूक्ष्म फेरफार टिपणाऱ्या सुईस मग सूर्यावरची उलाढाल कोणती आणि गिरगांवच्या रस्त्यावरील ट्राम कोणती, हें ओळखतां कसें यावें?

त्या वेळीं नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. या पदावर १८९६ पासून १९१९ पर्यंत त्यांनीं काम केलें. प्रश्न असा होता कीं साठ वर्षांची अखंड नोंद राखावयाची, कीं लोकांस स्वस्त व जलद वाहन द्यावयाचें? एखाद्या हट्टी विद्वानानें ट्रामला विरोध केला असता. एखाद्या उतावळ्या व्यवहारी माणसानें सुईचें काम बंद करून टाकलें असतें. या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट काढण्यांत आली. मुंबईपासून सुमारें ३० किलोमीटर दूर, खाडीपलीकडे अलीबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा बांधली. तिच्या इमारतीस चुंबकीय गुण नसलेला दगड योजिला आणि लोखंड वर्ज्य केलें. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलीबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, म्हणजे जुन्या व नव्या आंकड्यांचा सांधा बिनचूक जुळावा. मग ७ मे १९०७ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धांवूं लागली. ती ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बंद झाली. अलीबागचे वेध मात्र आजही चालूच आहेत.

ही हकीकत आम्हांस फार बोधप्रद वाटते. ट्रामची वीज कोठून येते व कोठें जाते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास सुईवरचें संकट ओळखतां आलें नसतें. वेधशाळेच्या माणसास ट्रामचें ज्ञान असणें हें येथें आवश्यकच होतें. छंदांचें असेंच असतें. वेगवेगळ्या दिशांनीं केलेली भटकंती पुढें केव्हां एका चव्हाठ्यावर येऊन मिळेल याचा नेम नसतो.

रेडिओचा आणि हवेचा संबंध तर याहूनही निकट आहे, आणि त्या संबंधाच्या मुळाशीं मिशनरी शिक्षकांची सेवा आहे हें येथें नमूद करणें उचित होईल. क्यूबा बेटांतील हवाना शहरीं बेलेन कॉलेजांत शिकविणारे जेज्वीट पाद्री फादर बेनितो विन्येस यांनीं ११ सप्टेंबर १८७५ रोजीं येऊं घातलेल्या चक्रीवादळाचा जाहीर इशारा दिला. अशा प्रकारच्या आद्य इशाऱ्यांत त्याची गणना होते. आपल्या कलकत्त्यास सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर युजीन लाफों यांनींही हवेचे नित्य वेध घेण्याचा परिपाठ ठेविला होता. १८६७ च्या वादळाची चाहूल त्यांस त्यामुळेंच आधीं लागली व त्यांनीं अधिकाऱ्यांस सावध केलें. याच फादर लाफों यांच्या वर्गांत जगदीशचंद्र बसु यांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पुढें १८९५ च्या सुमारास बसूंनीं कलकत्त्यांत, मधल्या भिंतीस न जुमानतां विद्युल्लहरी पलीकडे जातात व तेथें घंटा वाजवितात, हें लोकांसमक्ष दाखवून दिलें. ज्या शिक्षकानें वादळ ओळखलें त्याच्याच शिष्यानें बिनतारी लहरी वश केल्या. शिक्षकाची आवड शिष्यांत कोणतें रूप घेईल हें शिक्षकासही सांगतां येत नाहीं.

विलायतेंतील रॉबर्ट वॉट्सन-वॉट यांची कथाही अशीच आहे. ते हवामानखात्यांत नोकरीस होते. वीज चमकली म्हणजे रेडिओंत खरखर होते, हा अनुभव सर्वांचाच. ऐकणारास ती खरखर त्रासदायक वाटते. वॉट्सन-वॉट यांनीं तिच्यावरून वादळ कोणत्या दिशेस आहे हें शोधण्याचा प्रयत्न आरंभिला. विमानांवर येणारें वादळाचें संकट टाळावें हा त्यांचा उद्देश होता. या अभ्यासाचा उपयोग पुढें निराळ्याच कामीं झाला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं डॅव्हेंट्री येथील नभोवाणीकेंद्राच्या लहरी आकाशांतील विमानावरून परावृत्त होतात हें त्यांनीं व आर्नल्ड विल्किन्स यांनीं सिद्ध केलें, आणि त्यांतून रडार जन्मास आलें. युद्धकाळांत रडारवर पावसाच्या थेंबांचेही ठिपके उमटत आणि विमानें शोधणारे त्यांवर वैतागत. हवामानशास्त्रज्ञांनीं तेच ठिपके उचलून घेतले. आज पावसाचा पाठलाग करणारीं रडारें त्यांतूनच आलीं आहेत. एकाची अडगळ ती दुसऱ्याची पुंजी ठरते, ती अशी.

फुग्यास बांधलेल्या लहानशा रेडिओयंत्राची गोष्टही सांगितली पाहिजे. पूर्वीं फुगा वर जाई, पण त्याच्याबरोबर गेलेलें यंत्र खालीं पडून कोणास सांपडेपर्यंत वरच्या हवेची वार्ता कळत नसे. १९३० च्या जानेवारींत रशियाच्या पावेल मोल्चानोव्ह यांनीं फुग्याबरोबर रेडिओयंत्र पाठविलें, आणि उंचावरील थंडी व वायुभार यांची बातमी तत्काळ जमिनीवर येऊं लागली. आपल्या देशांत असलीं यंत्रें सिद्ध करण्याच्या कामांत अॅना मणि यांचें नांव अग्रभागीं आहे. त्रावणकोर संस्थानांतील एका ख्रिस्ती कुटुंबांत १९१८ सालीं त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणें हिऱ्यांचीं कर्णभूषणें मिळत असतां त्यांनीं तीं नाकारून विश्वकोशाचे खंड मागितले, अशी त्यांची आठवण सांगतात. १९४८ सालीं त्या पुण्यास हवामानखात्यांत रुजू झाल्या. परदेशांतून आणावीं लागणारीं उपकरणें येथेंच व्हावीं म्हणून त्यांनीं सुमारें शंभर हवामानयंत्रांचे प्रमाणित आराखडे तयार करविले. मापन चुकीचें असेल तर तें मुळींच नसलेलें बरें, अशी त्यांची धारणा होती. पुण्याच्या शिवाजीनगरांत 'सिमला ऑफिस' या नांवानें ओळखली जाणारी जी हवामानखात्याची वास्तु आहे, तिच्याजवळून जातांना विद्यार्थ्यांनीं या बाईंचें स्मरण अवश्य करावें.

गाड्यांविषयीं अद्याप थोडें सांगावयाचें राहिलें आहे. हवा आणि वेळापत्रक यांची सांगड पाहावयाची असेल तर दूर जावयास नको. कोंकण रेल्वे पाहावी. १९९८ सालीं ही वाट संपूर्ण खुली झाली. तिचें पावसाळ्याचें वेळापत्रक निराळें असतें, कारण त्या दिवसांत दरडींच्या भयानें गाड्यांची गति मुद्दाम कमी ठेवितात. रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंचीच्या पानवल पुलासारख्या ठिकाणीं वाऱ्याचा वेग मोजणारीं यंत्रें बसविलेलीं असून वारा मर्यादेपलीकडे गेला म्हणजे गाडी थांबविली जाते. मडगांवहून मुंबईस येणाऱ्या प्रवाशास गाडी उशीरा आल्याचा राग येतो. परंतु ज्यास वाऱ्याची आणि रुळांची दोन्ही भाषा कळते, त्यास त्या उशिरांत कोणाची तरी जागरूकता दिसते.

याच्या उलट, हवेचें आणि वाहनाचें नातें तुटलें म्हणजे काय होतें हें मुंबईनें २६ जुलै २००५ रोजीं अनुभविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. यावरून त्या दिवसाची कल्पना वाचकांनींच करावी. त्याच अवधींत, सुमारें २० ते २५ किलोमीटर दूर असलेल्या कुलाब्यास मात्र ७५ मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडला. दक्षिणेकडील कचेऱ्यांत बसलेल्या माणसांस उत्तरेकडे काय चाललें आहे याचा पत्ता नव्हता. तीं सायंकाळीं घरीं जावयास निघालीं, आणि लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. लक्षावधि लोक वाटेंत अडकले. शेंकडों प्राणांस मुकले. पुढें कुलाब्यास डॉप्लर रडार बसविलें गेलें, पावसाचीं मापें घेणारीं केंद्रें शहरांत ठिकठिकाणीं वाढलीं. तो दिवस एवढें शिकवून गेला कीं पाऊस जाणणारा, गाडी चालविणारा आणि वार्ता सांगणारा हे तिघे एकमेकांस ओळखत नसतील तर तिघांचेंही ज्ञान पाण्यांत जातें.

तिघे एकत्र आले म्हणजे काय साधतें, याचेंही उदाहरण आपल्याच देशांत आहे. १९९९ च्या ऑक्टोबरांतील महावादळांत ओडिशांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं 'फायलिन' नांवाचें तसेंच प्रबळ वादळ त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ आलें. या वेळीं अंदाज आधीं मिळाला, इशारा गांवोगांव पोंचला, आणि वाहनें सज्ज होतीं. जवळजवळ दहा लाख लोकांस सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें, व मृतांची संख्या शंभराच्याही आंत राहिली. वारा तोच, समुद्र तोच. फरक पडला तो माणसांच्या तयारीमुळें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं हीं सर्व मोठ्या शास्त्रज्ञांचीं उदाहरणें झालीं. सामान्य मुलाच्या छंदास त्यांचा आधार कशास? यास उत्तर देण्यासाठीं डिसेंबर २००४ ची अंदमानची घटना पुरेशी आहे. कांहीं हौशी बिनतारीवाले केवळ छंद म्हणून, दूरदूरच्या देशांतील आपल्यासारख्याच हौशी लोकांशीं बोलण्यासाठीं, परवानगी काढून पोर्ट ब्लेअर येथें गेले होते. २६ तारखेस त्सुनामीचें संकट कोसळलें आणि बेटांचा मुख्य भूमीशीं संबंध तुटला. तेव्हां या मंडळींनीं आपला खेळ तत्काळ सेवेस लाविला व त्यांच्या यंत्रांवरून अडकलेल्यांचे निरोप बाहेर जाऊं लागले. ते कोणी नांवाजलेले शास्त्रज्ञ नव्हते. परंतु त्यांचा छंद त्यांनीं चोख सांभाळला होता, म्हणून तो वेळेस उपयोगी पडला.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे; पाऊस केव्हां येणार, गाडी कोठें आहे, बातमी काय, सर्व एका बोटावर कळतें. मग आकाशाकडे पाहण्याचा व वेळा टिपण्याचा खटाटोप कशासाठीं? आमचें म्हणणें असें कीं माहिती मिळणें आणि ज्ञान होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोबाईलवर दिसणारा पावसाचा अंदाज कोणीतरी मोजलेल्या पावसावर, कोणीतरी सोडलेल्या फुग्यावर व कोणीतरी जपलेल्या वह्यांवर उभा असतो. सर्वांनींच मोजणें सोडून केवळ विचारणें पत्करलें, तर उत्तर देणारा उरणार कोण? शिवाय, ज्यानें स्वतः एक पावसाळा मोजला आहे त्यास अंदाज चुकला तरी राग येत नाहीं, कारण हें काम किती अवघड आहे हें त्यास ठाऊक असतें. १८६१ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट फिट्झरॉय यांनीं वर्तमानपत्रांतून हवेचे अंदाज देण्यास आरंभ केला, तेव्हां चुकलेल्या प्रत्येक अंदाजाबद्दल त्यांची थट्टा झाली; पण त्यांच्या वादळाच्या इशाऱ्यांचें मोल समुद्रावर जाणारे कोळी व खलाशी जाणत होते. थट्टा करणारे बहुधा कांठावर उभे असतात.

तथापि छंदाची तरफदारी करतांना आम्ही विवेक सोडूं इच्छित नाहीं. प्रत्येक आवड व्यासंगाच्या पदवीस पोंचत नाहीं. गाड्यांचीं चित्रें नुसतीं गोळा करणें, रेडिओचा आवाज मोठा करून शेजाऱ्यांस त्रास देणें, किंवा पाऊस पडला म्हणजे शाळा बुडविण्यास निमित्त शोधणें, यांस छंद म्हणणें हा त्या शब्दाचा अपमान होय. आमच्या मतें आवडीच्या तीन कसोट्या आहेत. ती आवड नियमानें चालते काय? तिची नोंद राहते काय? आणि त्या नोंदीचा लाभ दुसऱ्या कोणास मिळतो काय? या तिन्ही प्रश्नांस होकार देतां आला, तर ती आवड कितीही क्षुल्लक दिसो, तिच्यापासून मन मोडूं नये. १९०४ ते १९२४ या काळांत भारतीय हवामानखात्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांस बूमरँग फेंकण्याचा आणि बांसरीचा नाद होता. फेंकलेलें लांकूड परत कां येतें याचें गणित मांडणारी तीच चौकस बुद्धि पुढें जगभरच्या वायुभाराच्या आंकड्यांकडे वळली, आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो हा त्यांचा सिद्धांत आज मान्सूनच्या अभ्यासाचा एक आधारस्तंभ आहे.

म्हणून शाळेच्या चालकांस व पालकांस आमची नम्र सूचना अशी आहे. आवारांत, झाडें व भिंती यांपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां एका विद्यार्थ्यानें पाणी मोजून आंकडा फळ्यावर लिहावा व वहींत उतरावा. पाळी आठवड्यानें बदलावी, वही बदलूं नये. त्याच वहींत, बसनें किंवा लोकलनें येणाऱ्या मुलांनीं आपली गाडी किती मिनिटें उशीरा आली तें लिहावें. एका पावसाळ्याअखेर हे दोन स्तंभ शेजारीं ठेवून पाहावे; किती पाऊस झाला म्हणजे कोणता रस्ता अडतो, हें त्या परिसरापुरतें कोणत्याही तज्ज्ञापेक्षां ती वही अधिक खात्रीनें सांगेल. विज्ञानमंडळांत एखादा जुना मध्यम लहरींचा रेडिओ ठेवावा. वळवाच्या दिवसांत त्यांतील खरखर किती वाढते आणि मेघगर्जना किती वेळानें ऐकूं येते, हें टिपावें. या सर्वांस फारसा खर्च नाहीं. खर्च आहे तो सातत्याचा, आणि तो मुलांस परवडण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रहो, ही वही परीक्षेस येणार नाहीं. तिला गुण मिळणार नाहींत. परंतु एलीया संदेष्ट्याच्या सेवकाची गोष्ट तुम्ही प्रार्थनामंदिरांत ऐकली आहे. समुद्राकडे पाहावयास त्यास सांगितलें, आणि सहा वेळां त्यास कांहींच दिसलें नाहीं. सातव्या वेळीं तळहाताएवढा ढग दिसला. त्या ढगाइतकेंच महत्त्व त्या सहा रिकाम्या फेऱ्यांस आहे, कारण त्या झाल्या नसत्या तर सातवी घडली नसती. तुमच्या वहींतही पुष्कळ दिवस 'पाऊस शून्य, गाडी वेळेवर' एवढेंच लिहावें लागेल. तें निष्ठेनें लिहा. पुढें तुमच्यांतील कोणी वेधशाळेंत जाईल, कोणी गाडी चालवील, कोणी नभोवाणीवरून बोलेल, आणि बहुतेक जण यांपैकीं कांहींच करणार नाहींत. पण ठरल्या वेळीं पाहावें, दिसेल तें खरें लिहावें आणि लिहिलेलें दुसऱ्याच्या कामीं द्यावें, ही संवय ज्याच्या अंगीं बाणली, त्याच्या हातीं कोणतेंही काम निर्धास्तपणें सोंपवावें.